ऑफ-रोड मोटारसायकलचे इंजिन तेल आणि फिल्टर

ऑफ-रोड मोटारसायकलचे इंजिन तेल आणि फिल्टर हा कच्चे रस्ते, शेतवाटा, ओढे, डोंगरवाटा आणि मातीच्या शर्यत-मार्गांवर चालवल्या जाणाऱ्या मोटारसायकलींच्या देखभालीतील महत्त्वाचा विषय आहे. अशा वापरात इंजिनाच्या झिजेची तीन प्रमुख कारणे असतात: धूळ, अतिउष्णता आणि पाणी. तेलाची निवड करताना उत्पादकाने दिलेली श्यानता श्रेणी, तेलाची गुणवत्ता श्रेणी आणि ओल्या क्लचसाठी असलेले जासो मानक या तीन बाबी पाहिल्या जातात. धुळीच्या प्रदेशात मात्र इंजिनाचे आयुष्य तेलाच्या किमतीपेक्षा एअर फिल्टरच्या निगेवर आणि तेल वेळेवर बदलण्यावर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

चारचाकी वाहनात इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे तेल सहसा वेगळे असते व क्लच कोरडा असतो. बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच आवरणात बसवलेले असतात आणि तिन्हींना एकच तेल पुरते. त्यामुळे या तेलाला परस्परविरोधी कामे करावी लागतात. पिस्टन व बेअरिंग यांच्यातील घर्षण त्याने कमी करायचे असते, गिअरच्या दातांमधील दाब सहन करायचा असतो आणि क्लच प्लेटांची एकमेकींवरील पकड मात्र सुटू द्यायची नसते. गिअरच्या दातांमध्ये तेलातील लांब रेणू तुटतात, त्यामुळे मोटारसायकलमधील तेल मोटारीतील तेलापेक्षा लवकर पातळ होते.

याला काही अपवाद आहेत. होंडा सीआरएफ४५०आर या मोटोक्रॉस मोटारसायकलच्या आधीच्या आवृत्त्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे तेल वेगवेगळे भरावे लागत असे. दोन-स्ट्रोक इंजिनात वंगणतेल पेट्रोलबरोबर जळून जाते आणि गिअरबॉक्सचे तेल स्वतंत्र असते. भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झालेल्या यामाहा आरएक्स१०० मध्ये दोन-स्ट्रोक तेलासाठी वेगळी टाकी व पंप होता.

श्यानता श्रेणी

तेलाचा दाटपणा, म्हणजेच श्यानता, अमेरिकेतील एसएई या संस्थेच्या जे३०० मानकानुसार दर्शविली जाते. ‘१०डब्ल्यू-३०’ या लेखनातील डब्ल्यूसह येणारा आकडा थंडीत इंजिन सुरू होण्याशी, तर दुसरा आकडा तापलेल्या इंजिनातील श्यानतेशी संबंधित असतो. १०० अंश सेल्सियस तापमानाला मानकातील मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत:

• श्रेणी ३० : ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्सपेक्षा कमी
• श्रेणी ४० : १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सपेक्षा कमी
• श्रेणी ५० : १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्सपेक्षा कमी

थंड तेलाची चाचणी १०डब्ल्यूसाठी उणे २५, १५डब्ल्यूसाठी उणे २० आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंश तापमानाला घेतली जाते. महाराष्ट्रातील मैदानी भागात एवढी थंडी पडत नसल्याने पहिला आकडा येथे निर्णायक ठरत नाही. लडाख किंवा स्पितीसारख्या प्रदेशात जाणाऱ्या मोटारसायकलींसाठी त्याला महत्त्व येते.

दुसऱ्या आकड्याबाबत ‘उन्हाळा कडक, म्हणून तेल दाट’ असा समज आढळतो. प्रत्यक्षात योग्य श्रेणी ही बेअरिंगमधील फट, तेलपंपाची क्षमता आणि शीतकरणाची पद्धत यांवर ठरते. भारतात २०१९ साली आलेल्या हिरो एक्सपल्स २०० साठी १०डब्ल्यू-३०, तर २०१६ साली आलेल्या ४११ सीसीच्या रॉयल एनफिल्ड हिमालयनसाठी १५डब्ल्यू-५० तेल निर्धारित आहे. चाकण येथे तयार होणाऱ्या व २०२० साली भारतात आलेल्या केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचरसाठीही १५डब्ल्यू-५० ही श्रेणी आहे. या सर्व मोटारसायकली कच्च्या रस्त्यांसाठीच आहेत, तरी त्यांच्या तेलाच्या श्रेणी भिन्न आहेत. गरजेपेक्षा दाट तेल अरुंद वाटांतून सावकाश वाहते व इंजिनाची काही शक्ती खाते, तर गरजेपेक्षा पातळ तेलाचा थर तापल्यावर तुटू शकतो.

गुणवत्ता आणि क्लच मानके

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट अर्थात एपीआय या संस्थेच्या वर्गीकरणात पेट्रोल इंजिनांच्या तेलाला ‘एस’ने सुरू होणारी दोन अक्षरे दिली जातात. एसएल ही श्रेणी २००१, एसएन २०१० आणि एसपी २०२० साली लागू झाली. पुढचे अक्षर नवी श्रेणी दर्शवते; परंतु हे वर्गीकरण मोटारगाड्या डोळ्यांसमोर ठेवून केलेले असून ओल्या क्लचबद्दल ते काहीही सांगत नाही.

ही उणीव जपानमधील जासो टी ९०३ या मानकाने भरून काढली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, इंधन वाचवण्यासाठी मोटारींच्या तेलात घर्षण कमी करणारी रसायने मिसळली जाऊ लागल्यावर मोटारसायकलींचे क्लच घसरू लागले. त्यातून हे मानक पुढे आले. त्यात क्लचच्या घर्षणाची प्रत्यक्ष चाचणी घेऊन तेलाचे दोन मुख्य गट केले जातात. एमए गट ओल्या क्लचसाठी असून त्यात एमए१ आणि अधिक पकड देणारा एमए२ असे उपगट आहेत. एमबी गटाचे घर्षण कमी असते व तो प्रामुख्याने कोरडा क्लच असणाऱ्या स्वयंचलित स्कूटरसाठी आहे. झीजरोधक रसायने पुरेशी राहावीत, मात्र धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक निकामी होऊ नये, यासाठी याच मानकात फॉस्फरसचे प्रमाण वजनाच्या ०.०८ ते ०.१२ टक्के इतके मर्यादित केले आहे.

व्यवहारात सर्वाधिक चुका येथे होतात. स्कूटरचे आणि मोटारसायकलचे अशी दोन्ही तेले १०डब्ल्यू-३० असू शकतात. डब्यावरील मोठा आकडा सारखा दिसला, तरी लहान अक्षरांतील एमए किंवा एमबी या खुणेवर क्लचचे भवितव्य ठरते. ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ अशी नोंद असलेले मोटारीचे तेल ओल्या क्लचसाठी टाळले जाते. ट्रॅक्टर व ट्रक यांसाठीचे डिझेल इंजिनाचे तेल ग्रामीण भागात सहज मिळते. त्याच्या डब्यावर जासो एमएची नोंद नसल्यास क्लचला ते मानवेल याची शाश्वती नसते.

खनिज, अर्धसंश्लेषित व पूर्ण संश्लेषित

खनिज तेल स्वस्त असते. संश्लेषित तेल उच्च तापमानाला अधिक टिकते व त्याचे बाष्पीभवन कमी होते. संश्लेषित तेलाने क्लच घसरतो, हा समज चुकीचा आहे. घसरण घर्षणशामक रसायनांमुळे होते, मूळ तेलामुळे नव्हे. मात्र धूळ किंवा पाणी शिरलेले तेल कोणत्याही प्रकारचे असले तरी बदलावेच लागते. त्यामुळे चिखलात व धुळीत नियमित वापर असल्यास निर्धारित मानकाचे मध्यम किमतीचे तेल वारंवार बदलणे हे महाग तेल दीर्घकाळ ठेवण्यापेक्षा हितावह ठरते.

ऑइल फिल्टर

ऑइल फिल्टर तेलातील धातूचे कण, काजळी आणि क्लच प्लेटांचा भुगा अडवतो. त्याचे प्रमुख प्रकार असे:

• जाळी : तेलपंपाच्या तोंडाशी असते, फक्त मोठे कण अडवते आणि धुऊन पुन्हा वापरता येते.
• केंद्रोत्सारी फिल्टर : फिरत्या कप्प्यात जड कण कडेला चिकटतात. १०० सीसी वर्गातील अनेक भारतीय मोटारसायकलींत तो आढळतो. आवरण उघडून तो साफ करावा लागतो.
• कागदी कार्ट्रिज : इंजिनाच्या आवरणात बसते व ठरावीक काळाने बदलले जाते.
• फिरवून बसवायचा फिल्टर : धातूच्या डब्यात बंद असतो आणि संपूर्ण बदलला जातो.

कागदी फिल्टर तुंबल्यास बायपास झडप उघडते आणि न गाळलेले तेल इंजिनात जाते. इंजिन तेलाविना राहू नये यासाठी ही सोय असते. परंतु तुंबलेला फिल्टर त्यामुळे लक्षात येत नाही. काही कार्ट्रिजांचे एकच तोंड उघडे असते. ते उलट बसवल्यास बेअरिंगकडे जाणारे तेल अडून इंजिन जाम होऊ शकते. फिल्टर बदलताना रबरी ओ-रिंग आणि ड्रेन बोल्टचा वॉशर तपासला जातो.

एअर फिल्टर

२०० सीसीचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे ६०० लिटर हवा ओढते. ही हवा नीट गाळली गेली नाही, तर धूळ पिस्टन रिंग आणि सिलिंडर यांच्यामध्ये पोहोचते, तेलात मिसळते आणि घासण्याच्या लुकणासारखे काम करते. क्वार्ट्झची कठीणता मोहस मापनश्रेणीवर ७ असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील फेल्डस्पार व पायरॉक्सीन ही खनिजे ५ ते ६.५ च्या दरम्यान असतात. खडी पसरलेल्या रस्त्यांवरील धुळीत त्यांचे कण असतात.

शर्यतीच्या मोटारसायकलींत तेल लावलेला फोमचा फिल्टर वापरला जातो. तो योग्य द्रावणात व नंतर साबणाच्या पाण्यात धुऊन, न पिळता दाबून, सावलीत पूर्ण वाळवतात आणि मग त्याला फिल्टरचे चिकट तेल लावतात. पेट्रोलने धुणे आगीच्या दृष्टीने धोकादायक असून फोमचे जोडही त्यामुळे सुटू शकतात. रस्त्यावरील मोटारसायकलींत बहुधा कागदी फिल्टर असतो. कोरडा कागदी फिल्टर आतून बाहेर हलक्या दाबाच्या हवेने झटकता येतो. तेलयुक्त कागदी फिल्टर हवा मारून साफ करत नाहीत, तो बदलतात. फिल्टर स्वच्छ असूनही त्याची कड नीट न बसल्यास धूळ बाजूने आत शिरते.

मराठवाड्यातील वापर

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा हे नावाप्रमाणेच फाट्यावरील गाव आहे. अशा फाट्यांवरून डांबरी रस्ता सोडून गावाकडे व शेताकडे जाणाऱ्या मोटारसायकली पाणंद रस्ते आणि गाडीवाटांवरून रोज धावतात. त्या शर्यतीच्या नसल्या, तरी त्यांच्या इंजिनावर पडणारा ताण ऑफ-रोड स्वरूपाचाच असतो. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो आणि काळ्या मातीची पिठासारखी बारीक धूळ उडते. पावसाळ्यात तीच चिकणमाती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये भरते. मग पहिल्या गिअरमध्ये, क्लच अर्धवट दाबून, इंजिन जोरात फिरवत वाट काढावी लागते. वेग कमी असल्याने हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला वारा मिळत नाही, पंखांमध्ये चिखल वाळून बसतो आणि तेल तापते. या स्थितीत एमए२ तेल, स्वच्छ शीतपंख आणि तेलाची योग्य पातळी यांचा उपयोग होतो.

पुण्यातील बालेवाडी येथे जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या सुपरक्रॉस शर्यतीसारख्या स्पर्धांत मोटारसायकली मिनिटांच्या फेऱ्यांसाठी धावतात आणि त्यांची देखभाल लगेच होते. शेतवाटेवरील मोटारसायकलला ती सोय नसते. म्हणून मालकाची स्वतःची तपासणी तेथे अधिक मोलाची ठरते.

बदलण्याचा कालावधी व तपासणी

प्रवासी मोटारसायकलींचा कालावधी किलोमीटरमध्ये, तर स्पर्धेच्या मोटारसायकलींचा इंजिन चाललेल्या तासांमध्ये मोजला जातो. पहिल्या गिअरमध्ये तासभर चाललेल्या गाडीचे अंतर थोडे भरते, पण इंजिनाच्या फेऱ्या पुष्कळ होतात. म्हणून किलोमीटरचा आकडा कच्च्या रस्त्यांवर फसवा ठरतो. धुळीत वापर असल्यास कालावधी कमी करावा, असे बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकांत नमूद असते. तपासणीत पुढील खुणा पाहिल्या जातात:

• दुधाळ किंवा राखाडी तेल : पाणी शिरल्याची खूण, ओढा ओलांडताना गाडी बुडाली असल्यास तेल तपासल्याशिवाय इंजिन चालवत नाहीत.
• चकाकणारे तुकडे : गिअर किंवा बेअरिंगची असाधारण झीज.
• पेट्रोलचा वास व वाढलेली पातळी : तेलात इंधन मिसळणे.
• इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे : क्लच घसरणे.

पातळी पाहताना गाडी सरळ उभी असावी लागते. पातळी कमी असल्यास चढावर पंप हवा ओढू शकतो. जास्त असल्यास तेलाला फेस येतो व ते श्वासनळीतून एअर फिल्टरच्या पेटीत जाते.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा व्यवस्थापन नियमांखाली येते. त्याच्या पुनर्चक्रणासाठी उत्पादकांची विस्तारित जबाबदारी १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. साखळीला लावण्यासाठी, लाकडाला फासण्यासाठी किंवा धूळ बसवण्यासाठी असे तेल वापरण्याची प्रथा आढळते. मात्र त्यातील जड धातू व ज्वलनातून तयार झालेली विषारी संयुगे माती व विहिरीच्या पाण्यात उतरू शकतात. ते बंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे पोहोचेल अशा गॅरेजमध्ये देणे अपेक्षित आहे.

हेही पहा

• वंगण
• श्यानता
• चार-स्ट्रोक इंजिन
• मोटोक्रॉस