बाळाचा हात गर्भात कसा घडतो? सहावे बोट किंवा जुळलेली बोटे का असतात?

बाळाला सहावे बोट आहे किंवा दोन बोटे जुळलेली आहेत हे दिसले, की घरात पहिला प्रश्न बहुधा आईलाच विचारला जातो. ग्रहणात काही चिरलेस का? उत्तर आधीच सांगते: ग्रहण न पाळल्याने किंवा विळी हातात घेतल्याने बाळाच्या बोटांत फरक पडत नाही. हात कसा घडतो ते पाहिले की हे पटेल.

हात केव्हा तयार होतो?

गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्यात गर्भाच्या दोन्ही बाजूंना छोटे उंचवटे दिसतात. आधी हातांचे, एक-दोन दिवसांनी पायांचे. आठव्या आठवड्याअखेर बोटे सुटी झालेली असतात. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून आठवडे मोजतात, म्हणजे त्या हिशेबाने सहावा ते दहावा आठवडा. अनेकींना तेव्हा दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते.

पेशींना कोण सांगते?

उंचवट्यातल्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या रूपात निरोप पाठवतात. ही प्रथिने म्हणजे ग्रोथ फॅक्टर. उंचवट्याच्या टोकाला त्वचेची एक जाडसर कड असते. तिच्यातून एफजीएफ नावाचे प्रथिन पाझरते आणि आतल्या पेशींना वाढत ठेवते. 1948 मध्ये जॉन सॉन्डर्स यांनी कोंबडीच्या गर्भातील पंखाची ही कड काढून पाहिली. लवकर काढली तर पंखाचा बराच भाग बनला नाही. उशिरा काढली तर फक्त टोक अपुरे राहिले.

कुठे अंगठा, कुठे करंगळी हे ठरवण्यात दुसऱ्या निरोपाचा मोठा वाटा असतो. करंगळीच्या बाजूच्या पेशी ‘सॉनिक हेजहॉग’ हे प्रथिन सोडतात. (हे नाव खरोखरच व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून आले आहे.) ते जिथे भरपूर, तिथे करंगळी, अंगठा त्याच्याशिवाय बनतो. या प्रथिनाच्या जनुकाला चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा जनुकापासून सुमारे 10 लाख अक्षरे दूर असतो. त्यात एका अक्षराचा बदल झाला, तरी निरोप अंगठ्याच्या बाजूलाही सुरू होऊ शकतो आणि तिथे जादा बोट येते. करंगळीशेजारचे जादा बोट मात्र बहुधा वेगळ्या जनुकांमुळे येते आणि अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसते.

सुरुवातीला पंजा वल्ह्यासारखा सपाट असतो. बीएमपी या प्रथिनांच्या निरोपाने बोटांमधल्या पेशी मरतात आणि बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात हा निरोप अडवला जातो, म्हणून पडदा टिकतो. बाळात या पेशी मेल्या नाहीत तर बोटे जुळलेली राहतात. एपर्ट सिंड्रोममध्ये एफजीएफचा निरोप घेणाराच बिघडलेला असतो. त्यात बोटांबरोबर कवटीचे सांधेही वेळेआधी जुळतात.

औषधांचे काय?

इथे मात्र सावध राहा. थॅलिडोमाइड हे औषध 1957 मध्ये जर्मनीत बाजारात आले. 1961 मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभरात हजारो बाळे अपुऱ्या हातापायांनी जन्मली होती. ते आजही मल्टिपल मायलोमा आणि कुष्ठरोगातील रिअॅक्शनसाठी वापरले जाते. घरात कुणाला चालू असेल, तर गर्भवतीने ती गोळी कधीही घेऊ नये. फिट्सवरचे व्हॅल्प्रोएटही बाळाला बाधू शकते. पण ते मनाने बंद करू नका, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

बाळ जन्मल्यावर

जादा बोटाला घरी दोरा बांधू नका. रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग होतो, शिवाय आत हाड असू शकते. हाड असलेले बोट साधारण एक वर्षाच्या सुमारास शस्त्रक्रियेने काढतात. जुळलेल्या बोटांची लांबी फार वेगळी असेल, उदाहरणार्थ अनामिका आणि करंगळी, तर लांब बोट वाकडे होऊ लागते. म्हणून ती लवकर, बहुधा पहिल्या वर्षातच सोडवतात. अंगठा नसेल किंवा फारच लहान असेल, तर हाताच्या आधी हृदयाची इको, रक्ततपासणी आणि किडनीची सोनोग्राफी करून घ्या, कारण त्याच काळात हे अवयवही घडत असतात.

आई किंवा वडिलांच्या हातातही असाच फरक असेल, तर पुढच्या प्रत्येक बाळात तो येण्याची शक्यता 50 टक्क्यांपर्यंत असू शकते. जनुकतज्ज्ञांना भेटताना दोन्हीकडच्या आजी-आजोबांच्या हातापायांचे फोटो सोबत न्या.