बेल, अँथिया

(१० मे १९३६–१८ ऑक्टोबर २०१८). जर्मन व फ्रेंचमधून इंग्रजीत अनुवाद करणाऱ्या ख्यातनाम ब्रिटिश अनुवादक. जन्म इंग्लंडमधील सफक परगण्यात. वडील एड्रियन बेल हे शेतकरी, लेखक आणि ‘द टाइम्स’ दैनिकाचे पहिले शब्दकोडेकार. पत्रकार व माजी खासदार मार्टिन बेल हे धाकटे बंधू. ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात त्यांनी इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला.

पती अँटनी कॅम प्रकाशन व्यवसायात होते. त्या ओळखींतूनच १९६०च्या सुमारास ओटफ्रीड प्रॉइसलर यांचे एक जर्मन बालपुस्तक अनुवादासाठी त्यांच्याकडे आले आणि पुढे हाच त्यांचा आयुष्यभराचा व्यवसाय झाला. १९६९पासून डेरेक हॉक्रिज यांच्यासह त्यांनी ‘अ‍ॅस्टेरिक्स’ या फ्रेंच चित्रकथा इंग्रजीत आणल्या. विनोद जसाच्या तसा उतरत नसे, तेव्हा चित्राला शोभेल आणि संवादाच्या फुग्यात मावेल असा नवाच विनोद रचावा लागे. बालसाहित्याला दुय्यम मानणाऱ्यांनी हे काम अवश्य पाहावे. बेल यांचा कान तिथेच तयार झाला.

त्याचा कस लागला तो जर्मन लेखक डब्ल्यू. जी. सेबाल्ड यांच्या ‘आउस्टरलिट्स’ (२००१) या कादंबरीत. तेरेझिएनश्टाट येथील नाझींच्या ज्यू बंदिवस्तीचे व तिथल्या यंत्रणेचे वर्णन त्यात कित्येक पाने चालणाऱ्या एकाच वाक्यात येते. ते मध्येच तोडले, तर त्या यंत्रणेचा गुदमरवणारा अव्याहतपणाच नाहीसा होतो. बेल यांनी ते अखंड ठेवले, तरी वाचक कुठे अडखळत नाही. सेबाल्ड स्वतः इंग्लंडमध्ये प्राध्यापक होते व मसुदे बारकाईने तपासत. अनुवाद प्रसिद्ध झाला त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. या अनुवादाला २००२ साली इंडिपेंडंट फॉरिन फिक्शन पुरस्कार मिळाला.

फ्रॉइड, होफमान, काफ्काची ‘द कॅसल’ (२००९) आणि कोर्नेलिया फुंके यांची ‘इंकहार्ट’ हेही त्यांचे महत्त्वाचे अनुवाद. इंग्रजी वाचकांना जवळजवळ विसर पडलेल्या श्टेफान त्स्वाइग यांना नवा वाचकवर्ग मिळाला, त्यात बेल यांचा वाटा मोठा आहे. अनुवादक वाचकाला जाणवूच नये, अशी त्यांची धारणा होती. मात्र एकाच लेखणीतून फ्रॉइडचे काटेकोर विवेचन आणि होफमानच्या कादंबरीतला आत्मचरित्र लिहिणारा बोका, दोन्ही आपापल्या आवाजात बोलावेत, हे मोठ्या शैलीकारालाच साधते. २०१० साली त्यांना ओबीई हा ब्रिटिश सन्मान आणि २०१५ साली जर्मनीचा क्रॉस ऑफ मेरिट मिळाला. केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.