माँटेरे बे किनारी मार्ग
अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या किनाऱ्यावर, जुन्या लोहमार्गाच्या जागेवर बांधलेला पादचारी व सायकलस्वारांचा मार्ग. लांबी सुमारे २९ किमी. तो कॅस्ट्रोव्हिलपासून पॅसिफिक ग्रोव्हपर्यंत जातो. सदर्न पॅसिफिक कंपनीने १८८० मध्ये माँटेरेपर्यंत टाकलेला हा लोहमार्ग १८८९ मध्ये पॅसिफिक ग्रोव्हला पोहोचला. पुढे सार्डीन मासेमारी (पहा : सार्डीन) खालावल्याने लोहमार्गावरील मालवाहतूक घटली आणि १९७१ मध्ये ‘डेल माँटे’ ही प्रवासी गाडीही बंद झाली. उत्तरेकडील भाग शेते व वालुकाटेकड्यांलगत (पहा : वालुकागिरी) असून, दक्षिणेस मार्ग ‘कॅनरी रो’ ही मासे डबाबंद करणाऱ्या जुन्या कारखान्यांची वस्ती व मत्स्यालय यांजवळून जातो, तेथील खडकांवर सील पहुडलेले दिसतात. लोहमार्गाचा चढ मुळातच मंद असल्याने चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनाही हा मार्ग सोयीचा ठरतो.