तीव्र मानसिक आजार आणि लैंगिक आरोग्य : भारतीय कायद्याच्या इतिहासातील एक दुर्लक्षित बाजू

भारतातील मनोरुग्णविषयक कायद्यांच्या इतिहासात १९१२, १९८७ व २०१७ हे तीन टप्पे सर्वसाधारणपणे मानले जातात. पहिल्या दोन कायद्यांचा भर रुग्णाला दाखल करणे व त्याच्या मालमत्तेची व्यवस्था लावणे यांवर होता. त्याच्या लैंगिक जीवनाची दखल घेतली ती विवाहविषयक कायद्याने. हिंदू विवाह कायद्यातील १९७६ च्या दुरुस्तीनुसार विवाहास व संततीस अयोग्य ठरविणारा मानसिक विकार हा विवाहातील अडथळा ठरला. प्रश्न पात्रतेचा होता, आरोग्याचा नव्हता.

या दृष्टीचे टोक महाराष्ट्राने १९९४ मध्ये पाहिले. शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. मासिक पाळीत स्वच्छता राखता येत नाही, हे कारण पुढे करण्यात आले; महिला संघटनांनी त्यास तीव्र विरोध केला. मतिमंदत्व व मानसिक आजार या भिन्न अवस्था आहेत आणि २०१७ च्या कायद्यानेही तो भेद पाळला आहे. तथापि संस्थेच्या सोयीसाठी व्यक्तीच्या शरीरावर निर्णय लादण्याची वृत्ती दोन्हींकडे एकच आहे.

बेंगळुरू येथील निम्हान्समधील प्रभा चंद्रा व सहकाऱ्यांचा २००३ चा अभ्यास येथे महत्त्वाचा ठरतो. तीव्र मानसिक आजाराच्या १४६ स्त्रियांपैकी ५० जणींनी लैंगिक जबरदस्तीचे अनुभव सांगितले. त्यांपैकी २४ जणींच्या बाबतीत ती करणारा पतीच होता. ‘लग्न झाले की ठीक होईल’ असे म्हणणाऱ्या आपल्या समाजाने हा आकडा वाचावयास हवा.

औषधोपचाराचाही येथे संबंध येतो. रिस्पेरिडोनसारख्या औषधाने प्रोलॅक्टिन वाढून पाळी थांबू शकते. आता गर्भ राहणार नाही, अशा समजुतीत असलेल्या स्त्रीला औषध बदलल्यावर गर्भधारणा होऊ शकते. व्हॅल्प्रोएट तर गर्भास अपायकारक आहे. पुरुष रुग्ण लैंगिक दुर्बलतेमुळे औषध सोडतो, पण संकोचाने कारण सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

२०१७ च्या कायद्याच्या कलम ९५ ने मानसिक आजारावरील उपचार म्हणून निर्बीजीकरण करण्यास मनाई केली. कलम २० ने लैंगिक अत्याचारापासून संरक्षण दिले, तसेच पाळीच्या काळातील आवश्यक साहित्य उपलब्ध करून देण्याची तरतूद केली. १९९४ मध्ये जे शस्त्रक्रियेचे कारण होते, ते मनोरुग्णांपुरते तरी संस्थेचे कर्तव्य झाले. गर्भनिरोधनाचा सल्ला व गुप्तरोगांची तपासणी यांचा मात्र या कायद्यात स्वतंत्र उल्लेख नाही. शारीरिक आजाराच्या रुग्णांशी समानता देणाऱ्या कलम २१ मधूनच तो अर्थ काढावा लागतो. विवाह कायद्यातील १९७६ ची अट तर अद्यापही कायम आहे.