इन्व्हर्टर : एका चपळ बटणाचा इतिहास

वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होतो. दिवे लागतात, पण काही घरांत पंखा घूं-घूं करू लागतो. विद्यार्थी विचारतात, ‘असे का होते?’ त्याचे उत्तर इन्व्हर्टरच्या इतिहासात आहे.

बॅटरीचा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करण्यासाठी रोहित्र लागते आणि ते बदलत्या प्रवाहावरच चालते. ५० हर्ट्‌झसाठी प्रवाहाची दिशा सेकंदाला १०० वेळा उलटावी लागते. एवढे चपळ बटण आणायचे कोठून?

आरंभी हे काम फिरती यंत्रे करीत. १९०२ साली पीटर कूपर ह्यूइट यांनी पाऱ्याच्या वाफेचा एकदिशकारक तयार केला. तो प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करी. हीच क्रिया उलट कशी करता येते, हे डेव्हिड प्रिन्स यांनी १९२५ साली एका लेखात मांडले. लेखाचे नाव होते ‘द इन्व्हर्टर’, म्हणजे उलटवणारा!

१९३०च्या दशकात मोटारीतल्या रेडिओत थरथरणारी धातूची पट्टी हे बटण झाली. ठिणग्यांमुळे तिची टोके झिजत, म्हणून ती व्हॉल्व्हसारखी उपसून बदलता येई. १९५७ साली थायरिस्टर आला. त्यात हलणारा भागच नव्हता. मात्र एकदिश प्रवाहात एकदा सुरू झाला की तो आपणहून बंद होत नसे. त्यासाठी जादा मंडल जोडावे लागे. पुढे मॉसफेट आले आणि १९८०च्या दशकात चेन्नईत जन्मलेल्या जयंत बालिगा यांनी अमेरिकेत आयजीबीटी विकसित केले. हवे तेव्हा चालू आणि हवे तेव्हा बंद होणारे बटण आता हाती आले.

आता पंख्याकडे वळू. साधा इन्व्हर्टर प्रवाह एकदम उलटवतो, म्हणून तरंग चौकोनी होतो. अशा तरंगात ५० हर्ट्‌झबरोबर १५०, २५० अशा विषम पटींचे तरंगही मिसळलेले असतात. पंख्याची घरघर त्यांचीच. साइन वेव्ह इन्व्हर्टरमधले बटण सेकंदाला हजारो वेळा उघडमीट करते. प्रत्येक वेळी किती काळ चालू राहायचे, हे बदलत ठेवल्याने तरंग गुळगुळीत होतो.

इन्व्हर्टर बिघडला तर कारागीर पुष्कळदा आधी मॉसफेट तपासतो, कारण सारा भार या बटणावरच पडतो. विद्यार्थ्यांना मात्र बजावून सांगावे : बॅटरी १२ व्होल्टची असली तरी बाहेर २३० व्होल्ट येतात. वीज गेली म्हणून ती तार निर्धोक नसते.