इस्पितळ

माझ्या बेळगावच्या दवाखान्यात गोव्याकडची म्हातारी माणसे येतात, ती अजून ‘इस्पितळ’ म्हणतात. परवा एका आजीबाईंना नातवाने माझ्यासमोरच टोकले, “आजी, हॉस्पिटल म्हण गं.” आजी ओशाळल्या. मला ते लागले. आजींचा शब्द म्हणजे नातवाच्या शब्दाचा अपभ्रंश नव्हे. आपल्या भूमीवर तो त्याच्या आधी आलेला आहे.

मूळ मात्र एकच. लॅटिनमध्ये ‘होस्पेस’ म्हणजे पाहुणा. आणि गंमत अशी की यजमानालाही तोच शब्द. त्यावरून पाहुण्यांना उतरण्याच्या जागेचे नाव झाले आणि फ्रेंचमार्गे ते इंग्रजीत गेले. तेथे हॉस्पिटल म्हणजे आधी यात्रेकरू, निराधार, वृद्ध यांना आसरा देणारे घर, आपल्या धर्मशाळेसारखे. औषधपाणी असले तर असे, नसले तर नसे. लंडनच्या चेल्सी भागातील रॉयल हॉस्पिटलात आजही वृद्ध सैनिक राहतात, आणि १५५२ साली स्थापन झालेले क्राइस्ट्स हॉस्पिटल ही तर चक्क शाळा आहे! हॉस्टेल आणि हॉटेल ही याच शब्दाची भावंडे.

सुरतेची पांजरपोळ पाहून युरोपीय प्रवाशांनी तिला जनावरांचे हॉस्पिटल म्हटले. आम्हां जैनांना पांजरपोळ म्हणजे थकल्याभागल्या मुक्या जीवाला मरेपर्यंत सांभाळण्याची जागा. बरे करून परत धाडणे हा तिचा मुख्य हेतू नव्हे. जुन्या अर्थाने पाहता त्या प्रवाशांचा शब्द चुकला नव्हता.

आता आजींचा शब्द. १५१० साली आल्बुकेर्कने गोवा जिंकले आणि तेथे इस्पितळ उभे राहिले. पोर्तुगीज भाषेत आरंभीच्या ‘ह’चा उच्चार होत नाही, म्हणून कानावर पडे ते ‘ओस्पिताल’. आपल्या तोंडी त्याचे इस्पितळ झाले. त्यातल्या पितळेचा पितळेशी काही संबंध नाही. १६०८ मध्ये पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी आजारी कैदी म्हणून तेथे दाखल झाला. तेथील स्वच्छता, अंथरुणे, चांदीची भांडी यांची त्याने तोंड भरून स्तुती केली आहे. कैद्याला चांदीच्या ताटात जेवण! अर्थात हा पाहुणचार मुख्यत्वे ख्रिस्ती शिपायांसाठी होता, इथल्या गोरगरिबांसाठी नव्हे, हेही सांगितले पाहिजे. वैद्यकाचे शिक्षण देणारी शाळा पणजीत पुढे १८४२ साली निघाली.

आजीबाई महिनाभरापूर्वी एका मोठ्या ठिकाणी आठ दिवस राहून आल्या होत्या. “औषधं बरी होती हो,” त्या म्हणाल्या, “पण आठ दिवस मला बारा नंबर म्हणत.”

तपासणीसाठी त्यांना पुन्हा तिकडे पाठवायचे होते. चिठ्ठीवर मी आधी त्यांचे पूर्ण नाव लिहिले, आणि खाली पत्त्यात ‘इस्पितळ’.