विंचू डसल्यावरचे सहा तास

मे संपत आलेला, लांज्याकडची एक वाडी, पावसाआधी लाकडं पडवीत घ्यायची घाई. ह्या गोष्टीतला पोरगा मी कल्पलेला. त्याच्या अंगात पुढे जे होतं ते मात्र कोकणातल्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं.

संध्याकाळी 7. मोळी उचलताना बोटाला लाल विंचू डसतो. विषातली चिमुकली प्रथिनं मज्जातंतूंवरच्या सोडियमच्या दारांना चिकटतात. उघडलेलं दार मिटेनासं होतं.

7.30. दोन उलट्या. सदरा पिळावा इतका घाम, तोंडाला लाळ, हातपाय गार. रडं थांबतं. आजी म्हणते, "रडत नाय आता. उतारलं वाटतंय." इथेच फसगत होते. नुसता ठणका लागून पोर बोंबलत असेल तर बहुधा निभावतं. दुखणं बेताचं आणि घाम धो धो, तर मांत्रिकाकडे नव्हे, गाडीकडे धावायचं.

8.30. मज्जातंतूंची दारं मिटत नाहीत, म्हणून अंगात अॅड्रेनालिन, नॉरअॅड्रेनालिनचा लोंढा. हे रेणू रक्तवाहिन्यांच्या स्नायूपेशींवरच्या अल्फा ग्राहींवर बसतात. पडद्याच्या आतल्या अंगाला असतं जी-प्रथिन, पेशीतला निरोप्या. ग्राहीनं डिवचलं की ते जागं होतं, पेशीत कॅल्शियम सुटतं, स्नायू आवळतो. एरवी ते थोड्या वेळानं आपणहून निजतं. आज निजायला उसंतच नाही.

10. रक्तदाब चढलेला, गाडी अजून मिळालेली नाही. नळ बंद ठेवून मोटार चालवावी तसं हृदय आवळलेल्या वाहिन्यांवर रेटतंय.

1. मोटार थकते. रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांत पाणी उतरतं. आडवं केलं की घुसमट, खोकल्यात गुलाबी फेस.

महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर ह्याच फेसाशी झगडत होते. 1986 साली त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्राझोसिनबद्दल लिहिलं. रक्तदाबाची साधी गोळी. अल्फा ग्राहीवर ती जाऊन बसते आणि निरोप दारातच अडतो. जी-प्रथिनांच्या शोधासाठी गिलमन आणि रॉडबेल यांना नोबेल मिळालं 1994 मध्ये. तोवर कोकणात गोळी रुळलीही होती! विंचवाचं प्रतिविष आता जोडीला देतात, तेही लवकर दिलेलं बरं.

म्हणून घड्याळ मागे घेऊ. साडेआठ. गाडी मिळालेली, पोरगा दवाखान्यात, गोळी पोटात. दाब एकदम उतरू नये म्हणून त्याला उठू द्यायचं नाही. तीन तासांनी पुन्हा गोळी, पुन्हा तीन तासांनी. मधे मधे पावलं चाचपत राहायची, ती ऊब धरेपर्यंत.